‘कायमचे’ या शब्दाची पारख : चेहऱ्यावरील केस आणि घरगुती विद्युत्-उपकरणे

आजचा विषय आपल्या अंकात सहसा येत नाही. घराघरांत मात्र त्याची चर्चा दबक्या आवाजात वर्षानुवर्षे चालू आहे. वधू-वर परिचय मेळाव्याची तारीख जाहीर झाली, की कितीतरी माता आपल्या कन्येच्या ओठावरील लवेकडे आणि हनुवटीवरील केसांकडे चिंतेने पाहू लागतात. कन्या तर त्याआधीच आरशासमोर उभी राहून थकलेली असते. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर एक जाहिरात अवतरते : घरच्या घरी, वेदनेविना, केस कायमचे नाहीसे करणारे विजेचे उपकरण. ते मागविले जाते आणि शेजारपाजारी कळू नये म्हणून पत्ता दिला जातो दुकानाचा.

मी वैद्य नव्हे. बँकेतील नोकरीत कर्जाचे करारनामे वाचून एक सवय मात्र जडली आहे : ठळक अक्षरांतील आश्वासन आणि बारीक अक्षरांतील अटी एकत्र वाचाव्यात. या उपकरणांच्या ‘कायमचे’ या शब्दाकडे मी त्याच नजरेने पाहिले आणि असे आढळले, की तो शब्द सर्वस्वी खोटा नाही. विजेच्या साह्याने केसांचे मूळ खरोखरच कायमचे नष्ट करता येते. प्रश्न एवढाच, की हाती आलेले उपकरण ती वीज त्या मुळापर्यंत पोचवते का, आणि ज्या हाताने पोचवायची तो हात कोणाचा.

त्याआधी एका आक्षेपाचा विचार करू. आपल्या समाजातील काही ज्येष्ठ म्हणतात, की हा सारा देहासक्तीचा पसारा आहे. आपले त्यागी तर केसांचा लोच करतात, मग आपल्या मुलींनी चार केसांचा बाऊ का करावा? केशलोच हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक. दोन महिन्यांनी केलेला लोच उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम आणि चार महिन्यांनी जघन्य मानतात. श्वेतांबर परंपरेतही संवत्सरीपूर्वी लोच होतो. परंतु ते व्रत स्वेच्छेने आणि वैराग्यातून घेतलेले असते. वर्गातील मुलांनी ‘मिशी’ म्हणून हिणविल्यामुळे रुमालाने तोंड झाकून शाळेत जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची वेदना वैराग्याच्या तागडीत तोलणे मला न्यायाचे वाटत नाही. तिला आसक्ती नाही, लाज आहे. आणि ती लाज तिच्या पदरात आपणच टाकलेली आहे.

लोचावरून व्यवहाराची एक गोष्ट मात्र निश्चित शिकता येते. तपानुतपे लोच करणाऱ्या साधु-साध्वींचे केस दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा उगवतात, म्हणून तर लोच पुन्हा करावा लागतो. केस उपटला तरी त्याला जन्म देणारा त्वचेतील अंकुर शाबूत राहतो. दोरा, चिमटा, वॅक्सिंग या सर्वांची हीच मर्यादा आहे. (वॅक्सिंगसाठी साखर-लिंबाचा पाक वापरतात असे आपण समजतो, परंतु तयार मिश्रणांत मध किंवा मधमाश्यांचे मेण असू शकते. मधाचा त्याग केलेल्या भगिनींनी वेष्टनावरील घटक वाचावेत.) याउलट, वस्तरा फिरविल्याने केस जाड नि दाट होतात ही समजूत निराधार आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ विदुषीने १९२८ मध्येच मोजमापे घेऊन तिचे खंडन केले होते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ भासतो, इतकेच.

आता विजेकडे वळू. या पद्धतीचा उगम सौंदर्यप्रसाधनात नसून नेत्रचिकित्सेत आहे. पापणीचा केस आतल्या बाजूस वळून बुबुळाला घासू लागला, की रोग्याला असह्य त्रास होतो आणि तो केस उपटला तरी पुन्हा तसाच उगवतो. अमेरिकेतील सेंट लुइस येथील नेत्रवैद्य डॉ. चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये अशा केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवून तीतून बॅटरीचा सौम्य प्रवाह सोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. केस गेला आणि परत आला नाही. आज दीडशे वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे.

ते समजण्यास व्यापारी मंडळींना अडचण पडू नये. साबणाच्या धंद्यात लागणारा कॉस्टिक सोडा कारखान्यात कसा बनतो? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून. आपल्या त्वचेतही मीठ आणि पाणी आहेच. केसाच्या मुळाशी टेकलेल्या सुईला बॅटरीचे ऋण टोक जोडले आणि धन टोक रोग्याच्या हातात दिले, की सुईभोवती त्याच कॉस्टिक सोड्याचा सूक्ष्म अंश निर्माण होतो आणि अंकुराच्या पेशी विरघळवितो. अर्थात केस वीज जाळत नाही. विजेने जागेवर तयार केलेला क्षार मुळाचा नाश करतो. पुढे १९२४ मध्ये फ्रान्समधील डॉ. बोर्डिए यांनी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मूळ तापवून मारण्याची पद्धत आणली. त्यानंतर सेंट पिएर आणि हिंकेल या अमेरिकी जोडीने दोन्हींचा मिलाफ असलेली ‘ब्लेंड’ पद्धत सिद्ध केली. व्यावसायिक यंत्रे आज या तिन्ही पद्धती वापरतात. घरगुती सुईची उपकरणे मात्र बहुधा मिशेल यांच्या मूळ पद्धतीची, छोट्या बॅटरीवर चालणारी असतात.

‘घरगुती इलेक्ट्रॉलिसिस’ या एकाच नावाखाली बाजारात दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि फसगत होते ती येथे. पहिल्या प्रकारात पेन्सिलीसारख्या मुठीला केसाइतकी बारीक सुई असते. ती केसाच्या कडेने त्वचेच्या छिद्रात उतरवावी लागते. दुसऱ्या प्रकारात सुईच नसते. एक विद्युत्-चिमटा असतो, किंवा त्वचेवर जेल लावून वरून फिरवावयाची कांडी अथवा चिकटपट्टी असते. वीज केसातून खाली उतरून मुळाला मारील, असा दावा केला जातो. परंतु कोरडा केस हा विजेचा अत्यंत दुर्बळ वाहक आहे. प्रवाह केसाच्या आत शिरण्याऐवजी जेलमधून आणि त्वचेच्या पृष्ठभागावरून पसरतो. त्वचेला मुंग्या आल्यासारखे वाटते, ग्राहकाला काहीतरी घडत असल्याचे समाधान मिळते, चिमट्याने केस निघतोही. पण तो नुसता उपटलेला असतो. ‘वेदनाविरहित’ हे विशेषण येथे अगदी खरे आहे. ज्या मुळाला वीज लागलीच नाही, ते दुखणार कसे?

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. रिमूव्हाट्रॉन नावाची कंपनी केसाला चिमट्यात धरून रेडिओ-लहरींची ऊर्जा देणारे यंत्र विकत असे आणि केस कायमचे जातात अशी जाहिरात करीत असे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९८८ मध्ये आदेश दिला, की काटेकोर वैद्यकीय चाचणीचा आधार असल्याशिवाय असा दावा करता येणार नाही. कंपनी अपिलात गेली. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने आदेश कायम ठेवला. ते यंत्र घरगुती नव्हते, सलूनला विकले जाई. पण युक्तिवाद तोच होता, जो आज आपल्या मोबाइलवर नव्या वेष्टनात येतो. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. ज्या डबीवर हे नाही, तिच्यावरील ‘कायमचे’ या शब्दावर विश्वास ठेवण्याचे कारण काय?

यावरून सुईचे उपकरण घेतले की काम झाले, असे कोणी समजू नये. हिशेब मांडून पाहू. हिंकेल यांनी क्षाराचे एक माप ठरविले होते : मिलिअँपिअरच्या दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह एक सेकंद वाहिला, म्हणजे एक एकक. बारीक लवेला अशी पंधरा-वीस एकके पुरतात. हनुवटीवरच्या खोल, जाड केसाला साठ किंवा त्याहून अधिक लागतात. घरी नवख्या व्यक्तीस मिलिअँपिअरच्या दोन दशांशाएवढा प्रवाह सोसवला, तर जाड केसाला अर्धा मिनिट वीज द्यावी लागेल. छिद्र शोधणे, सुई उतरविणे आणि केस काढणे यांचा वेळ धरला तर एका केसाला एक मिनिट कमीच. हनुवटी व गळा मिळून तीनशे केस असतील, तर पहिल्या फेरीलाच पाच तास झाले. ते एका बैठकीत कोणाच्याही त्वचेला मानवणार नाहीत.

शिवाय ही फक्त पहिली फेरी. केसांचे आयुष्य वाढ, उतार आणि विश्रांती अशा तीन अवस्थांतून जाते. वाढीच्या अवस्थेत केस आपल्या अंकुराला घट्ट जोडलेला असतो, तेव्हाच वीज योग्य जागी पोचते. विश्रांतीतील केसावर केलेले श्रम बऱ्याच अंशी वाया जातात, आणि आज त्वचेखाली निद्रिस्त असलेले केस पुढील महिन्यांत डोके वर काढतात. तज्ज्ञ हातांनीही एकाच जागेचे काम पूर्ण होण्यास वर्ष-दीड वर्ष लागू शकते. म्हणून ‘कायमचे’ हा शब्द चेहऱ्याला लागू नसून एकेका केसाला लागू आहे. घाऊक भावात मिळणारी ही वस्तू नव्हे; प्रत्येक नगाची किंमत स्वतंत्रपणे मोजावी लागते. मेळाव्याला दोन महिने उरले असताना हे काम आरंभणे म्हणजे सुपारी फुटण्याच्या दिवशी चेहऱ्यावर खपल्या असण्याची सोय करणे होय.

हाताचा प्रश्न याहून कठीण. केसाचे मूळ त्वचेखाली साधारण दोन ते पाच मिलिमीटर असते, आणि हनुवटीखालचा प्रत्येक केस निराळ्या कोनात तिरपा वाढतो. तज्ज्ञ व्यक्ती मोठ्या भिंगातून, झगझगीत प्रकाशात, समोर बसून सुई घालते. घरी मात्र आपण आपल्याच हनुवटीत आरशात पाहून, उलट्या दिसणाऱ्या हाताने सुई घालणार. मांडीवरच्या किंवा पोटरीच्या केसांवर सराव केल्याविना चेहऱ्याला हात लावू नये, असे जाणकार सांगतात ते यासाठी. सुई बरोबर उतरली तर काही टोचत नाही. टोचले, तर समजावे की छिद्र चुकले आणि सुईने त्वचाच भेदली. प्रवाह पुरेसा दिल्यानंतर केस चिमट्याने हलकेच धरला असता लोण्यातून निघावा तसा, ओढ न लागता निघतो. ओढ लागली तर तो केस उपटला गेला असे समजावे. जाहिरातदार सांगत नाहीत अशी ही एकमेव खरी कसोटी आहे.

ध्रुवांचे भान तर सर्वांत महत्त्वाचे. सुई नेहमी ऋण टोकालाच असली पाहिजे. बॅटरी उलटी बसविल्याने, किंवा सदोष उपकरणामुळे ती धन टोकाला जोडली गेली, तर सुईपाशी क्षाराऐवजी आम्ल तयार होते, सुईतील धातूचे कण त्वचेत उतरतात आणि गोंदल्यासारखा काळा ठिपका उमटतो. केस आज ना उद्या लपविता येतो. हा ठिपका लपत नाही. पारख सोपी आहे. वाटीत मिठाचे पाणी घेऊन उपकरणाची दोन्ही टोके एकमेकांना न लागतील अशी बुडवावीत. सुईभोवती बारीक बुडबुड्यांची धार दिसली, तर ते ऋण टोक होय. बुडबुडे दुसऱ्या टोकाशी अधिक येत असतील, तर उपकरण परत करावे.

आपल्या भारतीय वर्णाच्या त्वचेची एक विशेष अडचण आहे. लहानशी जखम वा दाह झाला, तरी तेथे काळसर डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. काहींना व्रणाच्या जागी मांस वाढून गाठ येण्याची प्रवृत्ती असते. कान टोचल्यावर ज्यांना अशी गाठ आली, त्यांनी तर घरी सुई हातीच धरू नये. एकापाठोपाठ एक लागून असलेल्या केसांवर एकाच दिवशी प्रवाह देणे, खपली नखाने काढणे, त्याच दिवशी उन्हात फिरणे किंवा प्रसाधने लावणे, या चार गोष्टींनी बहुतेक डाग पडतात. तीळ, डोळ्यांजवळची जागा, नाकपुडी आणि कानाची छिद्रे पूर्ण वर्ज्य. वरचा ओठ अत्यंत संवेदनशील असतो आणि तेथे सूजही लवकर येते. तो तज्ज्ञांवर सोपवावा. एकाची सुई दुसरीने, मग ती सख्खी बहीण का असेना, वापरू नये. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू नाते पाहत नाहीत. गर्भवतींनी हा प्रयोग टाळावा.

‘कायमचे’ या शब्दाच्या हव्यासाची किती किंमत मोजली गेली आहे, याचे इतिहासातील एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात ‘ट्रायको’ नावाच्या यंत्रांची दालने शहरोशहरी निघाली. डॉ. आल्बर्ट गायझर हे त्यांचे प्रवर्तक. बाई सुंदर लाकडी कपाटासमोर बसे, गालावर क्ष-किरण सोडले जात आणि केस खरोखर गळून पडत. ना सुई, ना वेदना. काही वर्षांनी त्याच गालांवर सुरकुत्या, व्रण आणि अनेकींच्या बाबतीत कर्करोग उद्भवला. त्या दालनांत जाणाऱ्या स्त्रिया अडाणी नव्हत्या. त्या लाजलेल्या होत्या, आणि म्हणून कोणाला विचारीत नव्हत्या.

हे न विचारणेच आपल्याकडेही घातक ठरते. आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील गोष्ट नाव-गाव गाळून सांगतो. बारावीतील मुलीच्या हनुवटीवर व गळ्याला जाड केस येऊ लागले. आजींनी हळद-बेसन सुचविले, मामींनी जेलचे उपकरण मागवून दिले. मुलीने आठ महिने दार लावून रोज अर्धा तास ते फिरविले. त्या आठ महिन्यांत तिची मासिक पाळी केवळ तीनदा आली होती. पण तो प्रश्न कोणी तिला विचारला नाही आणि तिनेही आपणहून सांगितला नाही. अखेर एका भाच्याच्या लग्नात भेटलेल्या डॉक्टर नातेवाईक बाईंनी दोन मिनिटांत तो विचारला. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांत पीसीओएसचे निदान झाले. रक्तातील साखरही सीमारेषेवर निघाली. उपकरण निरुपयोगी होते, हे तर झालेच. परंतु ते उपकरण घरात आल्यामुळे सर्वांना उपाय चालू असल्याचे वाटत राहिले आणि मूळ आजाराकडे पाहायचे राहून गेले, ही हानी मोठी.

स्त्रीच्या शरीरात अँड्रोजेन या वर्गातील संप्रेरके अल्प प्रमाणात असतातच. ती वाढली किंवा त्वचेने त्यांना अधिक प्रतिसाद दिला, की बारीक लवेचे रूपांतर जाड, काळ्या केसांत होते. बहुसंख्य उदाहरणांत याचे कारण पीसीओएस असते. अमेरिकेतील डॉ. स्टाइन आणि डॉ. लेव्हेंथाल यांनी १९३५ मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा अनियमित पाळी, वंध्यत्व आणि केसांची वाढ यांचा परस्परसंबंध प्रथमच नीट लक्षात आला. या विकारात पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. त्यामुळे गादीवर बसून राहण्याचा व्यवसाय, गोडधोड आणि तळलेले फरसाण यांची रेलचेल असलेल्या आपल्या घरांनी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी. काही वेळा कारण औषधांत असते. स्टिरॉइड घेतल्याने, किंवा डोक्यावरील केस वाढावेत म्हणून लावलेल्या मिनॉक्सिडिलमुळे चेहऱ्यावर लव वाढू शकते. कित्येकींत तर कोणताही विकार नसतो. घराण्याचीच ठेवण तशी असते. मात्र केस थोड्या महिन्यांत अचानक वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस पुरुषांप्रमाणे विरळ होऊ लागले, तर एकही दिवस न दवडता अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जावे. क्वचित बीजकोशातील वा मूत्रपिंडावरील ग्रंथीतील गाठ त्यामागे असते.

अंकुर ताजे निर्माण होत असताना जुने मारीत बसणे म्हणजे बुडीत खात्याची वसुली करताना त्याच कुळाला नवे कर्ज देत राहण्यासारखे आहे. संप्रेरकांचा उपचार आधी, निदान बरोबरीने तरी, चालू हवा. औषधांचा परिणाम केसांवर दिसण्यास सहा महिने लागतात, हेही मुलीला आरंभीच सांगावे; नाहीतर दुसऱ्याच महिन्यात ती धीर सोडते.

मग लेसरचे काय? मोठ्या क्षेत्रावर काळे, जाड केस असतील, तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या हातचा लेसर वेळेच्या दृष्टीने अधिक सोयीचा, हे मान्य केले पाहिजे. परंतु लेसर केसातील काळा रंग शोधतो. सावळ्या त्वचेत तोच रंग असल्यामुळे यंत्राची निवड चुकली तर त्वचा भाजते. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई स्त्रियांत कधीकधी लेसरनंतर गालाच्या कडेला लव उलट वाढल्याचेही वैद्यकाने नोंदविले आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेसर यंत्रांना ‘कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा करू देते. केस कायमचे काढण्याची पद्धत म्हणून मान्यता आहे ती विद्युत्-विश्लेषणाला. व्यवहारात अनेक ठिकाणी आधी लेसरने दाटी कमी करतात आणि उरलेले मोजके केस सुईने काढतात. सुईचे काम करणारे प्रशिक्षित हात आपल्या शहरांतही शोधावे लागतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे चौकशी करताना सुई प्रत्येक रुग्णाला नवी, निर्जंतुक वापरता का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

या सर्वांत घरगुती सुईच्या उपकरणाला जागा आहे का? माझ्या मते आहे, पण लहानशी. कारणाचा शोध झाला आहे, त्वचा निरोगी आहे, केस विसा-पंचविसांहून अधिक नाहीत, हात स्थिर आहे आणि घाई नाही, अशा प्रौढ स्त्रीला ते उपयोगी पडू शकेल. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती ते देऊन दार लावून घेण्यास सांगणे मात्र चुकीचे आहे. त्या वयात वस्तरा किंवा बारीक कात्री पुरेशी आहे. त्याने काही बिघडत नाही, आणि पुढील उपचारासाठी मूळ जागेवर राहते. सुईचा वा लेसरचा उपचार ठरला असेल, तर आधीचे काही आठवडे दोरा, चिमटा व वॅक्सिंग बंद ठेवावे लागते. कापणे मात्र चालते.

आपल्यापैकी अनेकांची प्रसाधनांची आणि भेटवस्तूंची दुकाने आहेत; त्यांच्या फळीवर ही उपकरणे आलेली मी पाहिली आहेत. मापात खोट ठेवणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. सुईविनाची कांडी ‘कायमची’ म्हणून विकणे त्याच रकान्यात पडते की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. ग्राहक बाई विचारील तेव्हा ‘यात सुई नाही, केस परत येतील’ एवढे सांगितले, तर एक विक्री जाईल खरी; पण तीच बाई पुढच्या वेळी लेकीला घेऊन त्याच दुकानी येईल, असा माझा अनुभव आहे, निदान कर्जदारांच्या बाबतीत तरी.

शेवटी घरातील वडीलधाऱ्या भगिनींविषयी. रजोनिवृत्तीनंतर हनुवटीवर पाच-दहा राठ, पांढरे केस येणे स्वाभाविक आहे. पांढरा केस लेसरला दिसतच नाही, म्हणून त्यांना कायमचा उपाय सुईचाच. केस मोजके असल्याने येथे घरगुती उपकरण एखादे वेळी खरोखर उपयोगी पडते. मात्र आजींनी स्वतः आरशात पाहून नव्हे, तर चांगली दृष्टी असलेल्या, सराव केलेल्या सुनेने वा लेकीने भिंगाखाली करून द्यावे. मधुमेह असेल तर जखम भरण्यास वेळ लागतो, म्हणून आधी साखर आटोक्यात हवी आणि एका दिवशी दोन-तीन केसांहून पुढे जाऊ नये. हृदयाला पेसमेकर बसविलेला असेल, तर हे उपकरण घरात वापरूच नये, आणि दवाखान्यातही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज नको. तेथे चिमटाच बरा.